एक नंबरचा कॅन

"एकतीस वर्षांत माझी एकही थप्पी पडलेली नाही," असं थप्पीसाहेब दिवसातून निदान दोनदा म्हणत. सकाळी चहाबरोबर एकदा आणि संध्याकाळी जेवताना एकदा. मध्ये कोणी पाहुणा आलाच, तर तिसऱ्यांदा. आणि यात एका अक्षराचीही थाप नव्हती. रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात त्यांनी एकतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढली होती. रंगाचे डबे एकावर एक असे रचायचे, की बघणाऱ्याने ओळंबा लावून तपासावं आणि मुकाट्याने खिशात घालावा. हमालांनीच त्यांना थप्पीसाहेब हे नाव दिलं. ते इतकं चिकटलं की पोस्टमनही त्यांचं खरं नाव विसरला होता.

निवृत्त होऊन त्यांना तीन महिने झाले होते आणि या तीन महिन्यांत एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. घर त्यांच्यावाचून छान चाललं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हौसेने स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या खरेदीच्या तारखेप्रमाणे लावल्या आणि प्रत्येकीवर नंबर चिकटवले. दुसऱ्या दिवशी बायकोने मिठासाठी अकरा बरण्या उघडल्या. बारावीत मीठ सापडलं, तोवर भाजीचा कोळसा झाला होता. त्या दिवसापासून थप्पीसाहेबांना स्वयंपाकघराची हद्द बंद झाली.

"तुम्ही बसा हो," बायको म्हणायची. सूनबाईही म्हणायची, "बाबा, तुम्ही बसा." मुलगा ट्रेनिंगसाठी बाहेरगावी गेला होता, तो फोनवरून तेच म्हणायचा. सगळे मायेनेच म्हणायचे, पण थप्पीसाहेबांना ते लागायचं. एकतीस वर्षं सकाळी सातपासून लोक त्यांना विचारत आले होते, "साहेब, हे कुठे ठेवू?" आता कालचं वर्तमानपत्र कुठे ठेवायचं, हेसुद्धा कोणी विचारत नव्हतं.

त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळकांडीत एक अरुंद कोठीची खोली होती. तिची किल्ली बायकोच्या बटव्यात असे. ती काही काढायला आत गेली की थप्पीसाहेब मान लांब करून बघून घेत. धान्याच्या डब्यावर मिक्सरचं खोकं, खोक्यावर उशा, उशांवर लोणच्याची बरणी! ते दृश्य पाहिलं की त्यांची पुढची दोन रात्रींची झोप उडायची. ती खोली एकदा, फक्त एकदा आपल्या हातात यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सोमवारी इमारतीच्या जिन्यात सूचना लागली. रस्त्याखालचा मोठा पाइप बदलायचा असल्यामुळे गुरुवारी सकाळपासून तीन दिवस पाणी बंद राहणार होतं. बाकी लोक ती वाचून कुरकुरत वर गेले. थप्पीसाहेबांनी मात्र ती दोनदा वाचली, आणि जिना चढताना ते तीन महिन्यांत पहिल्यांदा शीळ घालत होते.

"पाण्याचं मी बघतो," त्यांनी दारातूनच जाहीर केलं.

बायको पालेभाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, की बघतो म्हणजे नक्की काय बघतो. मग थप्पीसाहेबांनी अर्धा तास व्याख्यान दिलं. बादल्या, पिंपं, पातेली हा सगळा रानटी कारभार आहे. गोल भांडं म्हणजे जागेची नासाडी; दोन गोल भांड्यांमध्ये जी फट राहते ती कुणाच्या बापाची? त्यापेक्षा चौकोनी कॅन आणायचे, एकावर एक बसणारे. एका भिंतीला लावायचे. प्रत्येकावर नंबर आणि भरल्याची वेळ. जो आधी भरला, तो आधी वापरायचा. घरभर पातेली नकोत, की पायात बादल्या नकोत.

बायकोने त्यांचं पाणी केव्हाच जोखलं होतं. तिने पालेभाजी बाजूला ठेवली.

"ठीक आहे. पाणी तुमच्याकडे. मी एक तांब्यासुद्धा भरून ठेवणार नाही. या तीन दिवसांत आपल्याला कुणाच्या दारात पाणी मागायला उभं राहावं लागलं नाही, तर कोठीची किल्ली तुमची. हवी तशी लावा."

थप्पीसाहेबांची नजर तिच्या बटव्यावर गेली.

"आणि राहावं लागलं," ती पुढे म्हणाली, "तर पुन्हा माझ्या घरातल्या एकाही वस्तूला नंबर चिकटवायचा नाही. कधीच."

सूनबाई साक्षीदार राहिली. ती फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांच्या पाठी आणि गुडघे सरळ करून ती नुकतीच घरी आली होती, आणि एवढी चांगली करमणूक तिला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी थप्पीसाहेब प्लास्टिक सामानाच्या दुकानासमोर हजर होते. दुकानदाराने गोल कॅन दाखवला. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. वर मूठ असलेला दाखवला. मुठीवर दुसरा बसणार कसा? उंच निमुळता दाखवला. तो त्यांनी बोटाने ढकलला आणि पडल्यावर दुकानदाराकडे नुसतं बघितलं. शेवटी माळ्यावरून एक कॅन खाली आला. वीस लिटरचा, सगळ्या बाजूंनी चौकोनी, बुडाला खाच, वर खाचेत बसणारी कड, मूठ बाजूला आत दबलेली. थप्पीसाहेबांनी त्याच्यावरून हात फिरवला. मग दुकानाच्या मधोमध पाच कॅन एकावर एक लावले, स्वतः हलवून पाहिले, दुकानदाराला हलवायला लावले आणि अखेर स्टूल घ्यायला आलेल्या एका वजनदार गिऱ्हाइकाला विनंती करून थप्पीला रेलून उभं केलं. थप्पी जागची हलली नाही.

"साहेब, एक विचारू?" दुकानदार म्हणाला. "भरल्यावर यातलं पाणी काढणार कसं? यातच खाली नळ बसवलेला प्रकार आहे, तो देऊ का?"

"नळ बाहेर येतो," थप्पीसाहेब म्हणाले. "ओळ बिघडते."

दुकानदाराने हात टेकले. तीन माणसांना तीन दिवस दहा कॅन रग्गड झाले असते, हे थप्पीसाहेबांनाही ठाऊक होतं. पण दहाची थप्पी चौकोनी होत नाही. आडवे चार आणि उभे चार लावले, की कशी सुरेख भिंत होते! म्हणून त्यांनी सोळा घेतले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो टेम्पोतून कॅन उतरवताना.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहत. त्या फुटपाथवर थांबून कॅन मोजत होत्या. सोळा झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, की पाणी तीनच दिवस बंद आहे ना? यावर साधं "हो" म्हणून कोणीही वर गेलं असतं. पण तीन महिन्यांनी कोणीतरी थप्पीसाहेबांना साठ्याबद्दल प्रश्न विचारत होतं.

"बाई," ते सावकाश म्हणाले, "कागदावरच्या तारखेवर मी एकतीस वर्षांत कधी विश्वास ठेवलेला नाही."

हे वाक्य ते रंगाच्या झाकणांच्या ट्रकबद्दल नेहमी म्हणत. बाईंनी ते पाण्याला लावलं. जन्मभर गणित शिकवलेल्या बाई त्या. दिवसाला एक कॅन, कॅन सोळा, म्हणजे दिवस किती, हे उत्तर त्यांनी जिन्यापर्यंत पोचायच्या आतच काढलं. वाटेत त्यांनी ते तळमजल्यावरच्या घड्याळजींना सांगितलं. घड्याळजींनी ते दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं, की थप्पीसाहेबांना आतली बातमी लागली आहे आणि पाणी सोळा दिवस येणार नाही. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचा महिना झाला होता.

संध्याकाळी प्लास्टिकच्या दुकानात चौकोनी कॅन औषधालाही उरला नाही. आणि थप्पीसाहेबांच्या दाराची घंटा वाजायला लागली.

"साहेब, हे कुठे ठेवू?"

पहिल्यांदा घड्याळजींनी विचारलं. थप्पीसाहेबांनी कपाटातून आपला जुना खडू आणि मोजपट्टी बाहेर काढली. इमारतीत नऊ घरं होती आणि स्वतःचं सोडून बाकी आठही घरांनी त्यांना बोलावलं. इतके कॅन का घेतलेत, असं त्यांनी दोघांना विचारलंही. पण दोघेही त्यांच्याकडे बघून डोळा मिचकावत म्हणाले, की तुम्हाला माहीतच आहे. त्यांना वाटलं, आपली पद्धत लोकांना पटली. आनंद त्यांच्या पोटात मावेना.

बुधवार त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस होता. घरोघरी जाऊन ते खडूने जमिनीवर चौकोन आखत आणि भरायची युक्ती शिकवत. खालचा कॅन जागेवर ठेवायचा, नळीने भरायचा, झाकण लावायचं. त्यावर दुसरा रिकामा ठेवायचा, तोही जागेवरच भरायचा. असं करत पाचापर्यंत जायचं. "एकही भरलेला कॅन उचलावा लागत नाही!" हे सांगताना ते दर वेळी एक पाऊल मागे सरकत आणि ऐकणाऱ्याला दाद द्यायला जागा करून देत. मुख्याध्यापिकाबाईंकडे त्यांनी झोपायच्या खोलीत, कपाटाला लागून भिंत उभी केली. घड्याळजींकडे दुकानामागच्या खोलीत. दुपारी त्यांना घरी जेवायला जायचंही भान राहिलं नाही. लोकांनी चहा दिला, तेवढ्यावर ते हिंडले.

या सगळ्यात त्यांचे स्वतःचे सोळा कॅन धुऊन, पुसून, नंबर लावून गॅलरीत पालथे पडले होते.

संध्याकाळी सात वाजता ते घरी आले. बोळकांडीत सगळ्यात सपाट आणि कोरडी भिंत कोठीच्या खोलीची होती. तिथे त्यांनी खडूची रेघ मारली. पहिल्या ओळीचे चार कॅन हाताशी आणून ठेवले. पहिल्यावर नंबर एक, शेजारी दोन, तीन, चार. बायको कोपऱ्यावर उभी राहून बघत होती.

"इथेच लावणार?" तिने विचारलं.

"इथेच," ते म्हणाले. "यापेक्षा चांगली जागा घरात नाही."

ती बरं म्हणाली, कोठी उघडून आतून पीठ, तांदूळ, तेल असं काय काय बाहेर काढलं, परत कुलूप लावलं आणि निघून गेली. थप्पीसाहेबांनी चारही कॅन रेघेवर मांडले, नळीचं एक टोक स्वयंपाकघरातल्या नळाला लावलं, दुसरं एक नंबरच्या कॅनमध्ये घातलं आणि नळ सोडला.

नळ खोकला. दोन घोट पाणी टाकून गप्प झाला.

त्यांनी न्हाणीघरातला नळ बघितला, तोही कोरडा. ते चपला न घालताच गच्चीवर पळाले. टाकीत तळाला ओंजळभर पाणी होतं आणि त्यात एक पान तरंगत होतं. खाली वॉचमनने सांगितलं, की आठही घरांनी दिवसभर नळ्या लावल्या, खालची टाकीही आटली, पंप हवा ओढायला लागला म्हणून त्याने तो बंद केला. आणि आता नवं पाणी यायचं ते पाइप बदलल्यावरच.

थप्पीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. घरात तेवढंच उरलं होतं.

तसेच जाऊन बायकोला खरं सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. मग डोळ्यांसमोर किल्ली आली. नुसती किल्लीही नाही. उद्यापासून पुन्हा "तुम्ही बसा हो" ऐकायचं, आणि ते मरेपर्यंत. ते घरात शिरले. दोघी टीव्हीसमोर होत्या. त्यांनी आवाज न करता बाकीचे बारा रिकामे कॅन चारवर चार असे रचले, झाकणं घट्ट लावली आणि आत येऊन म्हणाले, "झालं."

गुरुवारी सकाळी घरात चहा झाला. कोणत्या पाण्याचा झाला, हे विचारायची थप्पीसाहेबांची हिंमत नव्हती. किटलीत रात्रीचं उरलं असेल, असं त्यांनी धरलं. पण भांडी घासायची वेळ आली तेव्हा सूनबाई म्हणाली, की बाबा, एक कॅन आणता का. ते बोळकांडीत गेले आणि एक कॅन उचलला. तो हातात पिसासारखा आला. मग त्यांना आठवलं, की हा वीस किलोचा असायला हवा. त्यांनी कंबरेत वाकून, दात-ओठ खात, पाय फरफटत चालायला सुरुवात केली.

सूनबाई दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. तिच्याकडे रोज ओझं उचलून पाठ धरलेली दहा माणसं येत.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "खरं वजन असलं ना, की खांदा खाली जातो. तुमचा वर चाललाय."

थप्पीसाहेबांनी कॅन खाली ठेवला. तो टक्कन वाजला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं आणि आईला सांगू नकोस, असं तिला विनवलं. सूनबाईने ओठ घट्ट मिटले होते. ती हसू दाबते आहे की रागावली आहे, हे त्यांना कळेना. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात मुख्याध्यापिकाबाई होत्या. त्यांच्यामागे घड्याळजी. त्यांच्यामागे जिन्यात आणखी चारपाच जण. त्यातल्या कुणाच्याही चेहऱ्यावर कालचं कौतुक नव्हतं.

"थप्पीसाहेब," बाई वर्गात बोलायच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या घरात चारशे लिटर पाणी आहे आणि मी सकाळपासून तोंड धुतलेलं नाही."

झालं होतं असं. भिंती उत्तम उभ्या होत्या. एकही डगमगली नव्हती. पण सगळ्यात वरचा भरलेला कॅन बाईंच्या कपाळाला लागत होता आणि वीस किलोचा तो ऐवज खाली उतरवणं त्यांच्या बाचं काम नव्हतं. कॅनचं तोंड इतकं लहान की आत वाटीही जाईना. घड्याळजींनी स्टुलावर चढून नळी घातली आणि तोंडाने ओढली. पाणी नाकात गेलं आणि ते अजूनही शिंकत होते. शिवाय बाईंच्या कपाटाचं दार उघडत नव्हतं आणि घड्याळजींना स्वतःच्या हत्यारांपर्यंत पोचता येत नव्हतं. पाण्याच्या भिंतीआड आठ घरं तहानलेली बसली होती.

"लावायचं शिकवलंत," घड्याळजी शिंकून म्हणाले. "आता काढायचं शिकवा."

थप्पीसाहेब उंबऱ्यात उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. गोदामात दोन खाती होती. माल लावायचं खातं त्यांचं. माल काढून बाहेर पाठवायचं खातं शेजारच्या शेडमध्ये, दुसऱ्या साहेबाचं. त्याच्याकडे उचलायचं यंत्र होतं आणि बारा हमाल होते. एकतीस वर्षांत थप्पीसाहेबांनी लाखभर डबे रचले होते आणि स्वतःच्या हाताने त्यातला एकही कधी खाली काढला नव्हता! आपली थप्पी का पडत नाही, याचा त्यांना अभिमान होता. ती पुढे मोडतो कोण, हा प्रश्नच त्यांना कधी पडला नव्हता.

"चला," ते म्हणाले आणि बाह्या वर केल्या.

सूनबाईने त्या दिवशी रजा टाकली. म्हातारा एकटा हे करायला गेला तर तिलाच पुढे सहा महिने त्याची पाठ चोळावी लागली असती. ती मागून सूचना देत होती: गुडघ्यात वाका, कंबरेत नको, कॅन छातीशी धरा. थप्पीसाहेब मुकाट्याने ऐकत होते. आधी बाईंकडच्या चार रांगा मोडल्या, मग घड्याळजींकडच्या, मग तिसरा मजला. दर घरात वरचे कॅन खाली आले आणि दर घरात एकच प्रश्न पुढे आला. एवढं पाणी आता ठेवायचं कुठे?

कारण एव्हाना मोठा पाइप बदलणारा मुकादम खाली चहा प्यायला आला होता आणि सोळा दिवसांची गोष्ट ऐकून पोट धरधरून हसला होता. काम तीन दिवसांचंच होतं. झालंच तर लवकर संपणार होतं.

"ही आवई उठवली कुणी?" बाईंनी विचारलं. मग त्यांनाच आठवलं आणि त्या चष्मा पुसायला लागल्या.

"चूक माझीच," थप्पीसाहेब म्हणाले. "मी साधं हो म्हणायला हवं होतं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. नंतर त्यांनी कपाटासमोरच्या चार कॅनकडे बोट दाखवलं. "हे घेऊन जा. मला माझी खोली परत हवी."

थप्पीसाहेब जागच्या जागी थांबले. आपण मागितलेलं नाही, हे त्यांनी मनात दोनदा तपासून पाहिलं. आपण बादली घेऊन आलेलो नाही. आपण कुणाच्या दारात पाणी मागायला उभे नाही. उलट लोक आपल्याला विनवत आहेत. पण त्यांना राहवेना, तेव्हा ते म्हणाले, "बाई, हे मी मागितलं नाही, असं तुम्ही कुणी विचारलं तर सांगाल?"

"लेखी देते," बाई म्हणाल्या.

घड्याळजींनी तीन दिले. तिसऱ्या मजल्याने पाच, चौथ्याने चार. कोणी म्हणालं, आमचा पलंग मोकळा करा. कोणी म्हणालं, दार अर्धंच उघडतंय, काहीतरी ने रे बाबा. बायको दुपारी दोन तास बाजारात गेली होती, तेवढ्यात हे सगळं उरकलं. घरचे रिकामे कॅन बाहेर जायचे आणि भरलेले आत यायचे. नंबर मात्र थप्पीसाहेबांनी काढून पुन्हा नीट चिकटवले. एक नंबर सगळ्यात खाली, डाव्या कोपऱ्यात. सोळावा कॅन चौथ्या ओळीत, सगळ्यांत शेवटी, उजव्या टोकाला बसला. चार आडवे, चार उभे. खाचेत खाच. थप्पीसाहेबांनी मागे सरकून त्या भिंतीकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग ते सरळ व्हायला गेले आणि पाठीत कट्‌ असा आवाज झाला.

सूनबाईने त्यांना तिथेच बोळकांडीत चटईवर उताणं झोपवलं आणि पायाखाली उशी दिली. दहा दिवस काहीही उचलायचं नाही, असं बजावलं. वर्तमानपत्रसुद्धा नाही. बायको परत आली तेव्हा ते तसेच पडले होते, पण चेहऱ्यावर तेज होतं.

शुक्रवारी दुपारी, सांगितल्यापेक्षा दीड दिवस आधी, नळ खोकला, फुरफुरला आणि धो धो वाहायला लागला. इमारतभर आरडाओरडा झाला. बायकोने हात पुसले, बटव्यातून किल्ली काढली आणि चटईजवळ येऊन बसली.

"जिंकलात," ती म्हणाली. "कुणाच्या दारात मागायला गेला नाहीत. बाईंनी मला चिठ्ठी पाठवलीय तशी."

"तुला कळलं होतं?"

"बुधवारी रात्रीच. पाणी प्यायला उठले, थप्पीला हात टेकवला, तर सगळी भिंत सरकली." तिला हसू आवरेना. "मी म्हटलं, बघू या काय करतात."

"मग चहा कोणत्या पाण्याचा होत होता?"

"मी तांब्या भरणार नाही म्हटलं होतं. कपडे धुण्याचं मशीन भरणार नाही, असं कुठे म्हटलं होतं? ते मंगळवारीच काठोकाठ भरून ठेवलंय. झाकण कुणी उघडून बघत नाही."

थप्पीसाहेबांनी छताकडे बघत हिशेब केला. म्हणजे ते सोळा कॅन, ते जिने, ती पाठ, यातलं काहीच लागलं नसतं. तरीही त्यांना वाईट वाटलं नाही. कारण बायकोने त्यांची मूठ उघडून तिच्यात किल्ली ठेवली आणि वर म्हणाली, "सगळी इमारत सकाळपासून तुमची चौकशी करतेय. तुम्ही नाही तर कोण उतरवणार होतं ते सगळं?" एवढं ऐकून त्यांना पाठीचं दुखणंही जाणवेना.

"आत्ता उघडतो," ते म्हणाले. "उठवा मला. लांबून बघतो नुसतं."

दोघींनी त्यांना दोन बाजूंनी धरून उभं केलं. किल्ली पुढे करून ते वळले आणि तसेच राहिले. कोठीचं दार बोळकांडीत, बाहेरच्या बाजूला उघडत होतं. दारासमोर, इंचभरही फट न ठेवता, भरलेल्या सोळा कॅनची त्यांच्याच हातची थप्पी उभी होती.

"मी विचारलं होतं, इथेच लावणार का म्हणून," बायको म्हणाली. "पीठ, तांदूळ म्हणूनच तर बाहेर काढलं मी."

सूनबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

"अगं, तूच हलवतेस का दोनचार?" थप्पीसाहेबांनी केविलवाणं विचारलं.

"मी?" सूनबाई म्हणाली. "बाबा, काल मीही होते की बरोबर. माझीही कंबर धरलीय."

"आणि पाणी मी ओतून देणार नाही," बायकोने आधीच सांगून टाकलं. "चांगलं पिण्याचं पाणी आहे. घाई कसली? रोज एक कॅन वापरू. वरची रांग कमी झाली, की खालचे हलके हलके सरकवू. पंधरासोळा दिवसांत दार उघडेल."

सोळा दिवस! बाईंचं गणित शेवटी बरोबर आलं म्हणायचं.

बायकोने पातेलं आणलं, नळी आणली आणि वरच्या ओळीतल्या सोळा नंबरच्या कॅनचं झाकण फिरवायला हात घातला. चटईवर परत टेकलेल्या थप्पीसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. झाकणाचा आवाज आला, तसे ते उघडले.

"थांब, तो नको," ते म्हणाले. "आधी एक नंबर."

एक नंबर सगळ्यात खाली होता. डाव्या कोपऱ्यात.